सव्वा मिनिट

"घोडी सव्वा मिनिटाच्या आत आली तर रविवारी शर्यतीत उतरवू. नाहीतर भावाच्या कुरणावर सोडून देते, चरू दे जन्मभर. तबेल्यात नुसती उभी ठेवणं आता परवडत नाही," मालकीणबाईंनी बजावलं आणि कुडकुडत गाडीत जाऊन बसल्या.

"येईल बाईसाहेब, बिनघोर राहा," ट्रेनर म्हणाला.

धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.

रेसकोर्सला घरघर लागली होती. गेल्या महिन्यात ऐन शर्यतीत एका घोड्याचा पाय मोडला. आडवा पडदा धरून त्याला तिथल्या तिथे संपवावं लागलं. तो याच ट्रेनरच्या हाताखालचा. तेव्हापासून निम्म्या खुर्च्या रिकाम्या, जाहिरातदारांचा हात आखडता आणि फाटकाशी रोज निषेधाचे फलक घेतलेली माणसं. "यांना घोड्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली कळत नाही," असं पुटपुटत ट्रेनर त्यांच्यासमोरून तरातरा निघून जाई. लोक परत यायचे तर डोळे दिपवणारं जनावर हवं, हे मालकीणबाईंचं म्हणणं त्यालाही पटत होतं. चाळीस वर्षं तो तेच तर शोधत होता.

काल डॉक्टरांनी घोडीचे पाय तपासले होते. "सूज नाही, लंगडत नाही. पळायला हरकत नाही म्हणून मी सही करतो. हा पुढचा पाय जरासा गरम लागतोय, आत दुखापत सुरू होत असेल, पण काही नसेलही."

"नसेलच," ट्रेनर म्हणाला होता.

सकाळी घोडी पळवायचं काम त्याच्या लेकीचं. तिने लगाम सैल सोडला, त्याने हातातलं घड्याळ दाबलं आणि दोघी धुक्यात दिसेनाशा झाल्या. पूर्ण एक फेरी मारायची होती.

टापा विरत गेल्या. मग काहीच ऐकू येईना. त्याला वाटलं, घोडी थांबली.

आधी कुंपण थरथरलं. त्याच्या कोपराला ते जाणवलं, मग तळपायांना. धुकं फाटलं आणि ती आली. मान लांबवलेली, कान मागे, नाकपुड्यांतून वाफेचे लोट. क्षणभर तिचा एकही पाय जमिनीवर नव्हता. ती समोरून गेली तेव्हा वाऱ्याने त्याची टोपी उडाली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

एक मिनिट सात.

त्याने तीनदा वाचलं. या मैदानावर इतक्या वेगाने आजवर कोणी धावलं नव्हतं.

लेक घोडी वळवून घेऊन आली. ती धापा टाकत म्हणाली, "बाबा, मी नुसती धरून बसले होते! हिला अजून पळायचं होतं!"

घोडीने तोंड त्याच्या खांद्यावर टेकवलं. त्याने वाकून तिच्या त्याच पुढच्या पायाला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"फिरवून आण तिला. थंड होऊ दे," तो लेकीला म्हणाला.

दोघी धुक्यात गेल्या तोवर मालकीणबाई कोटाची कॉलर सावरत लगबगीने आल्या. "किती?"

त्याने अंगठ्याने घड्याळ शून्यावर आणलं.

"एक मिनिट एकोणीस, बाईसाहेब," तो म्हणाला. "भावाला कळवून टाका."