आजोबांच्या बँकेची नोट
अमेरिकेत नेब्रास्कात राहणाऱ्या एमिलला एकच छंद होता: लहान गावांच्या बँकांनी एकेकाळी आपापल्या नावाने काढलेल्या नोटा जमवण्याचा. अल्बममध्ये कितीतरी गावं आली, पण त्याचे आजोबा ज्या बँकेचे अध्यक्ष होते, त्या स्वतःच्या गावच्या बँकेची नोट काही मिळेना. त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाला थोरली बहीण अल्बिना कोलाचे, म्हणजे खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, भाजून घेऊन आली आणि तिने एक पाकीट पुढे केलं. "आईच्या बायबलमध्ये सापडली. फार कळकट झाली होती रे, म्हणून साबणाने धुतली, इस्त्री केली. खाली कुणीतरी शाईने गिरबटलं होतं, तेही घासून काढलं." एमिलने पाकिटातून नोट काढली: आजोबांच्याच बँकेची. "छान झालीय गं," तो कसाबसा म्हणाला. अल्बिना खुशीत त्याचा अल्बम चाळू लागली आणि तिसऱ्याच पानावर थबकली. प्रत्येक नोटेच्या तळाशी बँकेच्या अध्यक्षाची शाईतली सही होती. "एमिल, मी पुसलं ते... आजोबांचं होतं?" "हो." ती मटकन खुर्चीत बसली. "मला मेलीला धुवायची बुद्धी कुठून झाली! आता कोण घेणार ही?" "विकायचीय कुणाला?" म्हणत एमिलने खणातून शाईचं पेन काढलं, नोट तिच्यापुढे सरकवली आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "घरात आता मोठी तूच. कर सही." अल्बिनाने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि कितीतरी वर्षांनी आपल्या नावापुढे माहेरचं, आजोबांचं आडनाव लिहिलं.