धोंड्याचं ताट

अधिक महिन्यात धोंडे जेवायला आलेला पत्रकार जावई अनारसा चघळत गरजत होता. "देवीचं चांदीचं ताट कुणी पळवलं, ते मी शोधणारच, सासूबाई! चोर सख्खा भाऊ असला तरी नाव छापीन."

"छापा की," भागूबाई म्हणाल्या. फुकटच्या जेवणावर मिशीला पीळ भरणारे त्यांनी ढीगभर पाहिले होते.

त्याच्यापुढचं ताटही चांदीचंच होतं. देवस्थानचा विश्वस्त असलेल्या त्यांच्या लेकानं ते दाजींना वाण म्हणून आणलं होतं. भागूबाईंना अक्षर लागत नव्हतं, पण सकाळच्या पेपरातल्या देवीच्या ताटाच्या फोटोतला मोर ओळखायला शाळा कशाला लागते? म्हणून त्यांनी मुद्दाम त्याच ताटात वाढलं होतं.

अनारशांचा ढीग उतरला, तळाचा मोर दिसला. जावयाचा घास हातातच राहिला. शेजारी बसलेल्या लेकानं मान खाली घातली.

"ओळखलंत?" भागूबाईंनी विचारलं.

जावयानं उरलेले दोन अनारसे हळूच मोरावर सरकवले. "घरातली गोष्ट, सासूबाई. बाहेरच्या टोळीचं काम, असं लिहितो."

भागूबाईंनी ताट खसकन ओढलं. "पोरी, नवऱ्याला केळीचं पान मांड. हे ताट आणि माझा लेक, दोन्ही मी चौकीत पोचवते."