आजचा भाग

नायिकेला कुणीतरी विहिरीत ढकललंय. आष्टीत गार वारं सुटलंय. उसाच्या पाचटाच्या कोपीत चुलीवर भाकरी करपतीय.

हे सगळं एकाच फोनवर चाललंय. साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली मंगल रोज संध्याकाळी गावाकडं, आष्टीला, सासूला, सावित्रीबाईंना, मालिकेचा आजचा भाग विचारते.

“मग, वाचली का ओ आत्या ती?”

“वाचली. पर सासू लई खवाट, घरात घेईना.”

“तुमच्यावानीच हाय म्हणा की!”

“गप गं, टवळे.”

“पर आत्या, लई दिस झाले ओ तिला बाहेर. कधी यील घरी?”

सावित्रीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“यील की. कारखाना बंद झाला की यील.”

मालिका दसऱ्यालाच संपली होती. शेवटचा भाग दोघींनी घरी शेजारी बसून पाहिला होता.