बाबांचं गणित

“दमली असशील, बस जरा,” यंत्रातून बाबांचा आवाज आईला म्हणाला. हेमांगीच्या हातातला कप तसाच राहिला. बाबा असं जन्मात बोलले नव्हते.

जिवंतपणी नोंदलेल्या बोलण्यावरून यंत्र रोज पहाटे बाबांचं गणित, म्हणजे ते कशाला काय म्हणतील हे, नव्याने मांडत असे. पण बाबा गेल्यावर नोंदी थांबायला हव्या होत्या. तिने पाहिलं, तर त्या वाढतच होत्या.

“आई, यात भर कोण घालतंय?”

“मीच. ते खेकसले की सांगते, असं नाही, असं बोलायचं. उभ्या संसारात माझं ऐकलं नाही, आता शिकताहेत.”

हेमांगी यंत्राकडे वळून मुद्दाम म्हणाली, “बाबा, मी नोकरी सोडली.”

“बरं केलंस, बाळा.”

ती तरीही थोडा वेळ ओरडा बसायची वाट पाहत राहिली.