सात हजारांच्या वर

"भास होतोय तुला," सासरे म्हणाले आणि उघड्या बॉनेटखाली वाकून त्यांनी ॲक्सिलरेटरची तार पुन्हा ओढली.

इंजिन गर्जू लागले. फेऱ्यांचा काटा सात हजारांपलीकडे सरकला आणि त्या अखंड गर्जनेचा श्वास मध्येच अडखळला. पुन्हा अडखळला. चालकाच्या आसनावर बसलेल्या सुनेला ते स्पष्ट ऐकू आले.

"आत्ता मारलं बघा मिसिंग!"

"कुठे? लोण्यासारखं चाललंय. लग्न होऊन आलीस तेव्हा क्लच कुठल्या पायानं दाबतात ते ठाऊक नव्हतं, आणि आता माझ्या इंजिनात खोट काढतेस!"

इंजिन त्यांनी स्वहस्ते बांधले होते. उद्याच्या शर्यतीत ते पळवायचे होते तिला.

त्यांनी तार सोडली. गॅरेज शांत झाले. त्यांच्या कोपराजवळच्या फळीवर त्यांचा फोन वाजत होता, वाजतच राहिला. त्यांनी मान वळवली नाही.

सारे सुनेच्या ध्यानी आले. वडीलधाऱ्याला त्याच्या उणिवेचे नाव घेऊन सांगणे तिला जमणारे नव्हते; न सांगता उद्या या गाडीत बसणेही शक्य नव्हते. ती खाली उतरली.

"बाबा, तार मी ओढते. तुम्ही मागं सायलेन्सरपाशी हात धरा फक्त."

"आता हाही लाड," ते पुटपुटले, पण गेले.

आवाज चढत गेला. त्यांच्या तळव्यावर उष्ण वाऱ्याची सलग धार आदळू लागली. मग ती धार तुटली. जुळली. पुन्हा तुटली.

इंजिन बंद झाले तरी ते उकिडवेच बसून होते.

"मला ऐकू आलं नाही, पोरी."

"हेल्मेट घातलं की मलाही येत नाही, बाबा. बसल्या जागी धक्का बसतो, तेव्हा कळतं." तिने फोन त्यांच्या हाती दिला. "आधी आईंना उत्तर द्या, नाहीतर आज दोघांनाही जेवण नाही."

ते हसले.

मग त्यांनी चारही प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगचे टोक काळे, ओलसर होते. तो प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून, तिथले इकडे बसवून इंजिन पुन्हा चालवून पाहिले. तरीही काळा झाला तो तिसऱ्या सिलिंडरमध्ये बसवलेलाच प्लग. दोष ठिणगीचा नव्हता. त्यांनी इंजिनाचे वरचे झाकण उघडले.

प्रत्येक व्हॉल्व्हवर दोन स्प्रिंगा होत्या, एकीच्या पोटात दुसरी. तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हची आतली स्प्रिंग दुभंगली होती. बाहेरची एकटीच भार वाहत होती. वेग फार वाढला की व्हॉल्व्ह वेळेवर बंद करणे तिला झेपत नव्हते.

"हीसुद्धा तुटली असती," सासरे सावकाश म्हणाले, "तर व्हॉल्व्ह सरळ पिस्टनवर. ऐन वळणावर इंजिन जाम. आणि आत तू..."

"नाही ना झालं तसं? पाना द्या इकडे."

"तू हट्ट सोडला नाहीस. उपकार झाले गं."

"घरच्या घरी कसले उपकार, बाबा? द्या."

त्यांनी पाना दिला नाही. साऱ्या स्प्रिंगा त्यांनी स्वतः बदलल्या, आणि प्रत्येक बसवल्यावर तिला तपासायला लावली.

उन्हे कलली तेव्हा सून पुन्हा आसनावर बसली. तिने इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. सासरे गाडीच्या दारापाशी उभे होते. काटा कुठवर गेला हे त्यांनी पाहिले नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिच्या कपाळावरची आठी विरली, तेव्हा कुठे त्यांनी जाऊन बॉनेट लावले.