एक पाऊल मागे

पहिला डार्ट तारेच्या बाहेर गेला.

केसभरच बाहेर. बोर्डाच्या काळ्या कडेत तो रुतून बसला आणि खुर्च्यांमधून एक लांबलचक “अरेरे” उमटलं. पंचाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. फलकावर डावीकडे शून्यावर आणायचे चाळीस उरले होते, ते तसेच राहिले. उजवीकडच्या आकड्याकडे तिने बघायचंच टाळलं.

तिचा मुलगा रेघेवर उभा होता, ती त्याच्या मागे. त्याच्या मानेवरचा घाम तिला दिसत होता. नकळत तिचा पाय पुढे सरकला.

“बाई, एक पाऊल मागे,” पंच म्हणाला.

ती मागे सरली. हातातल्या टॉवेलने तिने तळवे पुसले.

चार दिवस चाललेल्या निवड स्पर्धेतलं आता एकच कार्ड उरलं होतं, आणि हा शेवटचा डाव होता. कार्ड मिळालं की दोन वर्षं मोठ्या स्पर्धांचे दरवाजे उघडे. नाही मिळालं तर सोमवारपासून मुलगा टायरच्या दुकानात. दुकानदाराने तोंडावर सांगून टाकलं होतं, “एकतर कायमचा ये, नाहीतर येऊच नकोस. अर्धा माणूस मला नको.” हे कार्ड तिला किती हवं होतं, ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

नवरा घरीच थांबला होता. “माझं काळीज काही लोखंडाचं नाही,” तो सकाळी म्हणाला. “फोनसुद्धा करू नका. संध्याकाळी दोघं घरी या, चेहऱ्यांवरून समजेल मला.”

हा खेळ त्यांच्या घरात तिनेच आणला होता. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात तिने बोर्ड टांगला, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. अंदाजपंचे काही करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. बोर्डापासून दोन मीटर सदतीस सेंटिमीटर अंतर तिने तीनदा मोजलं आणि मगच जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. तेव्हापासून आंघोळीला जाताना नवरा टॉवेल पांढऱ्या निशाणासारखा हलवायचा. “गोळीबार थांबवा! निःशस्त्र माणूस जातोय!”

जेवणं झाली की रोज मायलेक खेळायचे. मुलगा नऊ वर्षांचा असताना एकदा तिला डाव संपवायला सोळाच्या घरातलं बाहेरचं कडं हवं होतं. ते कडं म्हणजे तिचं हक्काचं. त्या दिवशी डार्ट बोर्ड सोडून भिंतीत घुसला आणि पुढच्या फेरीत मुलगा जिंकला. तो नाचला नाही. भिंतीजवळ जाऊन त्याने ते भोक निरखलं.

“हा तू मुद्दाम मारलास.”

“हात घसरला रे.”

“तुझा हात घसरत नाही.”

तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. “पुन्हा असं करणार नाही” असं तिने चौथ्या दिवशी कबूल केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

सोळाव्या वर्षी त्याने क्लबातल्या बाप्यांना हरवलं. डार्ट ठोकल्यासारखा बसतो म्हणून सगळे त्याला खिळा म्हणू लागले. मग दोन वर्षांनी, कशामुळे कोण जाणे, त्याचा हात अडकायला लागला. कोपर वर यायचं, नेम लागायचा, पण बोटं उघडायचीच नाहीत. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये पहिल्याच फेरीत तसं झालं आणि तो मान खाली घालून परतला. त्यानंतर महिनाभर तिने त्याला डार्टला हात लावू दिला नाही. प्रयोगशाळेतले कापसाचे बोळे बादलीत टाकायला लावले. श्वास सोडायचा आणि बोटं उघडायची, एवढंच. यंदा तिने त्याला एकट्याला पाठवलं नाही.

दुसरा डार्ट सुटला.

“वीस!” पंच ओरडला.

घर बरोबर होतं, पण कडं हुकलं होतं. डाव संपवणारा डार्ट त्या बोटभर कड्यातच लागला पाहिजे, तिथेच आकडा दुप्पट होतो. आता वीस उरले. म्हणजे दहाच्या घराचं कडं.

“खिळा वाकला रे,” पहिल्या रांगेतला चष्मेवाला कुजबुजला.

“आई अशी पाठीशी उभी असल्यावर वाकणारच,” शेजारचा म्हणाला. “माझी असती तर मी पळूनच गेलो असतो.”

कोणीतरी फिसकन हसलं. तिने ऐकलं, पण मान वळवली नाही.

मुलाने तिसरा डार्ट उचलला. कोपर वर आलं आणि थांबलं.

एक सेकंद. दोन. त्याच्या मनगटावरची शीर ताठ झाली. श्वास सोड, ती मनातल्या मनात म्हणाली. सोड ना, राजा. तिची स्वतःचीच बोटं टॉवेलवर उघडली.

त्याचीही उघडली.

डार्ट तारेवर टण्णकन आपटला आणि खाली पडला.

मुलगा पुढे गेला. बोर्डातले दोन काढले, जमिनीवरचा एक उचलला आणि वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती रागावलेली नव्हती.

पंच फलकाच्या उजव्या बाजूकडे वळला.

“बत्तीस हवेत,” त्याने तिला सांगितलं. म्हणजे सोळाच्या घराचं कडं.

तिने टॉवेल टेबलावर ठेवला, आपले तीन डार्ट उचलले आणि रेघेवर जाऊन उभी राहिली. मुलगा तिच्या मागे येऊन थांबला, इतक्या जवळ की त्याचा श्वास तिला मानेवर जाणवला.

“एक पाऊल मागे,” पंच त्याला म्हणाला.

तो लगेच सरकला नाही.

“आई,” तो पुटपुटला, “हात घसरू देऊ नकोस.”