रॅकची किल्ली

"हात लावू नकोस!" हे ओरडले. मी तर कॉम्प्युटरवरची नुसती धूळ पुसत होते.

ह्यांनी कॉम्प्युटरला पुढून कुलपाचा रॅक बसवला होता. लेकाची हार्ड डिस्क खणासारखी बाहेर ओढायची, स्वतःची आत सरकवायची आणि किल्ली खिशात. "त्याच्या गेममधला व्हायरस माझ्या कामाला लागायला नको." माझ्या सोवळ्याला जन्मभर हसलेला हा माणूस! मी एवढंच म्हटलं, "आमच्या देवघरात त्याला विटाळ म्हणतात."

लेकाची मुंज तोंडावर आली, तरी हे जानवं घालायला तयार नव्हते. "असल्या दोऱ्यावर माझा विश्वास नाही." सासूबाई रडल्या. मी सोमवार धरले, देवाला साकडं घातलं.

मुंजीच्या सकाळी हे सोवळं नेसून पाटावर बसले, तर खांद्यावर कोरं जानवं! माझे डोळे भरून आले. वाकून पाहते तो जानव्याला रॅकची किल्ली बांधलेली.

"घरभर पाहुण्यांची पोरं आहेत," हे पुटपुटले. "आणि सोवळ्याला खिसा कुठे असतो?"

गुरुजींनी संकल्पासाठी विचारलं, "कुलदैवत कोणतं?"

ह्यांना आठवेना. मी हळूच सांगितलं, "कुलूप."